घरच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला, किंवा आपलंच अकाऊंट उघडेना, तर काय करायचं?



मार्च-एप्रिल आला की आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर काय काय साठलेलं असतं, ते जरा आठवून बघा. निकालपत्रकांच्या एक्सेल शीट, नोंदी, फॉर्म १६, स्नेहसंमेलनाचे फोटो, आणि शिष्यवृत्तीसाठी गोळा केलेले मुलांचे आधार क्रमांक व पालकांचे बँक खाते क्रमांक. ही शेवटची माहिती तर आपली नव्हेच. पालकांनी शाळेवर विश्वास टाकून ती आपल्याकडे दिलेली आहे. आणि त्याच कॉम्प्युटरवर संध्याकाळी घरातलं पोरगं गेम खेळतं, पाहुणे आले की तिकीट काढतात, शेजारचा मुलगा प्रोजेक्टची प्रिंट काढायला पेन ड्राईव्ह घेऊन येतो. सगळे एकाच नावाने आत शिरतात. पासवर्ड बहुतेक घरांत नसतोच, असला तरी तो सगळ्या वाड्याला पाठ असतो.

मला वाटतं घरच्या कॉम्प्युटरच्या निम्म्या दुखण्यांचं मूळ इथेच आहे. म्हणून या लेखात व्हायरस आणि यूजर अकाऊंट हे दोन विषय एकत्र घेतले आहेत. वरवर ते वेगळे वाटतात, पण एकाचं नीट असेल तर दुसऱ्याचा त्रास बराच कमी होतो. सगळं लिहिलंय ते विंडोजबद्दल, कारण आपल्या बहुतेकांच्या घरी तेच असतं. मोबाईलचा विषय वेगळा आहे, तो इथे घेत नाही.

आधी दुखणं कोणतं ते ओळखा

कॉम्प्युटर हळू चालतो म्हणजे व्हायरस आहे, असा एक सार्वत्रिक समज आहे. बहुतेक वेळा तसं नसतं. जुनी हार्ड डिस्क, कमी रॅम, चालू होताना आपोआप सुरू होणारे दहा-बारा प्रोग्राम, हीच कारणं जास्त सापडतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्कच्या खाली सारखं १०० टक्के दिसत असेल तर आधी हार्ड डिस्क बदलून एसएसडी टाकण्याचा विचार करा. नुसता अँटीव्हायरस घालून तो मशीन पळायला लागणार नाही, उलट अजून दमेल.

दुसरी गंमत उजव्या कोपऱ्यातल्या सूचनांची. स्क्रीनच्या खाली उजवीकडे सारखं काहीतरी वर येतं, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, इथे क्लिक करा'. लोक घाबरून फॉरमॅट मारायला निघतात. यात बहुधा व्हायरस नसतोच. कोणीतरी सिनेमा किंवा क्रिकेट बघताना एखाद्या वेबसाईटने विचारलं होतं की सूचना पाठवू का, आणि आपण 'अलाऊ' दाबून मोकळे झालो. आता ती वेबसाईट रोज दारात येऊन ओरडते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साईट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स उघडा. ज्या साईटना परवानगी दिलेली आहे त्यांची यादी दिसेल. ओळखीची नाही ती काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे, दुकानात मशीन नेऊन पैसे देण्याचं नाही.

तिसरा प्रकार मात्र घातक. पूर्ण स्क्रीन व्यापून एक पान उघडतं, भोंगा वाजायला लागतो, मायक्रोसॉफ्टचं चिन्ह असतं आणि एक फोन नंबर. 'कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब फोन करा.' हे पानसुद्धा निव्वळ वेबपेजच असतं. एस्केप थोडा वेळ दाबून धरा, नाही गेलं तर अल्ट आणि एफ४, तेही नाही जमलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राऊझर बंद करा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, एवढं एक वाक्य घरातल्या आजोबांपासून सहावीतल्या मुलीपर्यंत सगळ्यांना पाठ करून घ्या. कारण खरा धोका त्या पानात नाही, त्या फोनवरच्या माणसात आहे. तो तुम्हाला दूरून स्क्रीन चालवायचं अ‍ॅप टाकायला सांगतो, आणि मग बँकेचं खातं उघडायला लावतो. कोणी फसलंच, पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनला फोन करायचा. आधी बँकेत जाऊ, मग बघू, असं करत बसलं तर पैसे पुढच्या खात्यात आणि तिथून त्याच्या पुढच्या खात्यात जातात.

पेन ड्राईव्ह आणि झेरॉक्सचं दुकान

आपल्या शिक्षकांच्या वाट्याला सगळ्यात जास्त येतो तो शॉर्टकट व्हायरस. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पेन ड्राईव्ह दिला, घरी येऊन लावला, तर सगळ्या फोल्डरवर छोटा बाण. फाईल गेल्या असं वाटून काही जण तिथेच डोक्याला हात लावतात.

हे कसं होतं ते समजून घेतलं तर भीती जाते. तो व्हायरस तुमच्या फाईल पुसत नाही. तो त्यांच्यावर 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन शिक्के मारून त्या लपवतो, आणि त्याच नावाचे नकली शॉर्टकट बाहेर मांडतो. तुम्ही 'निकाल चौथी' वर क्लिक केलं की आधी व्हायरसची छोटी स्क्रिप्ट तुमच्या कॉम्प्युटरवर चालते, आणि लगेच खरं फोल्डरही उघडून दिलं जातं. म्हणजे आपल्याला काहीच संशय येत नाही. पुढे तो कॉम्प्युटरच प्रत्येक नवीन पेन ड्राईव्हला हा रोग लावत सुटतो.

म्हणून बाण दिसला की त्यावर क्लिक करायचं नाही, हा पहिला नियम. फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्स दाखवायला सांगा. तरीही दिसल्या नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाईड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाईल्स' ची खूण काढा, कारण सिस्टिमचा शिक्का बसलेल्या फाईल त्याशिवाय दिसत नाहीत. आता खरी फोल्डर फिकट रंगात दिसतील. त्यातली फक्त कागदपत्रं, म्हणजे एक्सेल, वर्ड, पीडीएफ, फोटो, तेवढेच कॉपी करून घ्या आणि पेन ड्राईव्ह फॉरमॅट करा. अनोळखी नावाची कुठलीही फाईल 'असू दे' म्हणून उचलू नका. आणि त्या फोल्डर ऑप्शन्समधली खूण नंतर परत लावून ठेवा, नाहीतर विंडोजच्या स्वतःच्या फाईल दिसू लागतात आणि मुलं त्या कचरा समजून उडवतात.

कॉम्प्युटरलाच लागण झाली असेल तर आधी कॉम्प्युटर स्वच्छ करा, मग पेन ड्राईव्ह. उलट क्रमाने केलं तर पेन ड्राईव्ह दहा वेळा धुतला तरी अकराव्यांदा तेच. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संस्थेने २०१७ च्या फेब्रुवारीत सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. तिथे फुकट साधनं मिळतात, 'यूएसबी प्रतिरोध' नावाचं पेन ड्राईव्हवर नियंत्रण ठेवणारं साधनही आहे. आपल्याकडे ते फार कमी जणांना माहीत आहे.

याच व्ह्यूमध्ये अजून एक गोष्ट कायमची चालू करून ठेवा, 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'. विंडोज फाईलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. त्याचा फायदा घेऊन 'परिपत्रक डॉट पीडीएफ डॉट इएक्सई' अशी फाईल पाठवली जाते. शेपूट लपलं की तुम्हाला दिसतं फक्त 'परिपत्रक डॉट पीडीएफ', चित्रही पीडीएफचंच. कार्यालयाच्या नावाने आलेलं परिपत्रक आपण उघडणारच ना! शेपूट दिसत असेल तर निदान दोन सेकंद थांबू.

दप्तराचं कपाट

आता अकाऊंटकडे वळू. विंडोजमध्ये मुख्यतः दोन प्रकारची अकाऊंट असतात, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आणि स्टँडर्ड. शाळेच्या भाषेत सांगायचं तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे ज्याच्याकडे शाळेचा चार्ज आहे तो. दप्तराच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे. जनरल रजिस्टरमध्ये नोंद बदलायची असेल तर त्याच्या सहीनेच. स्टँडर्ड म्हणजे वर्गशिक्षक. आपल्या वर्गात तो हवं ते करू शकतो, पण दप्तराचं कपाट उघडायचं तर किल्ली मागावी लागते.

कॉम्प्युटर नवीन घेतल्यावर पहिलं जे अकाऊंट तयार होतं ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतं, आणि घरातले सगळे तेच वापरतात. म्हणजे किल्ली कपाटालाच लटकलेली. मुलाने एखादी फाईल उघडली की ती फाईलसुद्धा किल्ली घेऊनच चालू शकते. मधे विंडोज एक प्रश्न विचारतं, 'या अ‍ॅपला बदल करू द्यायचे का?' २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर ही सोय आली. पण अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला तिथे फक्त 'येस' दाबायचं असतं, आणि 'येस' दाबायला आपला हात किती सरावलेला असतो ते तुम्हाला माहीतच आहे. स्टँडर्ड अकाऊंटमध्ये त्याच जागी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला जातो. मुलाला तो माहीत नसेल तर त्याला आई किंवा बाबांना हाक मारावी लागते, आणि ती हाक हीच खरी सुरक्षा.

करायचं कसं? सेटिंग्जमध्ये अकाऊंट्स, तिथे विंडोज ११ असेल तर 'अदर यूजर्स' आणि १० असेल तर 'फॅमिली अँड अदर यूजर्स'. एक नवीन अकाऊंट बनवा, त्याचं नाव 'मुख्याध्यापक' ठेवलं तरी चालेल, आणि 'चेंज अकाऊंट टाईप' मधून त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा. चांगला पासवर्ड द्या, वहीत लिहून कपाटात ठेवा. मग त्या नव्या अकाऊंटमधून आत जाऊन तुमचं रोजचं जुनं अकाऊंट स्टँडर्ड करा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी नवीन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर चालतोय याची खात्री, मग जुन्याची पदावनती. असं केल्याने तुमच्या फाईल, डेस्कटॉप, वॉलपेपर सगळं जागच्या जागी राहतं. मुलासाठी वेगळं स्टँडर्ड अकाऊंट काढा, म्हणजे तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये त्याचा वावर राहणार नाही. आणि तुमच्या अकाऊंटला पासवर्ड ठेवायला विसरू नका, नाहीतर वेगळी खोली काढली पण दार उघडंच, असं होईल.

'सर, रोज रोज पासवर्ड कोण टाकणार?' असं मला दर वेळी विचारलं जातं. रोज टाकावा लागत नाही. नवीन प्रोग्राम टाकताना किंवा मोठा बदल करतानाच लागतो, महिन्यातून एक-दोनदा.

मात्र स्टँडर्ड अकाऊंट केलं म्हणजे सगळं झालं असं समजू नका. त्यामुळे विंडोज वाचतं, बाकीच्यांची अकाऊंट वाचतात. पण ज्या अकाऊंटमधून वाईट फाईल उघडली, त्या अकाऊंटमधल्या फाईल ती बिघडवू शकतेच, कारण वर्गशिक्षकाला स्वतःच्या वर्गात पूर्ण अधिकार असतो. यावरूनच पुढचा विषय निघतो.

फाईलना कुलूप लावणारे

आमच्या तालुक्यातल्या एका शिक्षक दांपत्याच्या घरी झालेला प्रकार सांगतो. मुलगा आठवीत. त्याला एक पैशाचा गेम फुकट हवा होता. यूट्यूबवरच्या व्हिडिओखाली लिंक होती, सोबत सूचना होती की 'इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस बंद ठेवा'. त्याने ठेवला. थोड्या वेळाने स्क्रीनवर विंडोज अपडेट चालल्यासारखी खिडकी दिसायला लागली. तो जेवायला गेला. परत आला तर सगळ्या फोटोंच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं चिकटलेली, एकही उघडेना, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची फाईल. तिच्यात लिहिलेलं, ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत दिले तर ४९०. त्या फोटोंमध्ये वारलेल्या आजोबांचे शेवटच्या दोन वर्षांचे सगळे फोटो होते. बॅकअप होता, पण ती बाहेरची हार्ड डिस्क कायम कॉम्प्युटरलाच जोडून ठेवलेली, त्यामुळे तीही गेली.

याला रॅन्समवेअर म्हणतात, आणि वर सांगितलेली लक्षणं 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' नावाच्या घराण्याची आहेत. हे घराणं मुख्यतः चोरीच्या सॉफ्टवेअरमधून पसरलं. फुकट गेम, विंडोज आणि ऑफिस 'अ‍ॅक्टिव्हेट' करून देणारे छोटे प्रोग्राम, यांच्या पोटात ते असतं. मोठ्या कंपन्यांना लुटणाऱ्या टोळ्या वेगळ्या, हे घरच्या माणसाला लुटणारं. ती नकली अपडेटची खिडकी मुद्दाम दाखवतात, म्हणजे हार्ड डिस्क एवढी का खडखडतेय अशी शंका येऊ नये.

अशा वेळी काय करायचं? पैसे देऊ नका. पैसे दिल्यावर किल्ली मिळेलच याची काही हमी नाही. बिघडलेल्या फाईल पुसूही नका, वेगळ्या डिस्कवर जशाच्या तशा ठेवून द्या. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्या यांनी जुलै २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' नावाचा उपक्रम सुरू केला. त्याच्या वेबसाईटवर अनेक रॅन्समवेअरच्या किल्ल्या फुकट मिळतात. स्टॉपसाठी एमसीसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये मोफत साधन काढलं. जुन्या प्रकारांवर ते चालतं. नव्या प्रकारांवर मात्र एकाच अटीवर, कुलूप लावताना त्या प्रोग्रामचा त्याच्या मालकाशी इंटरनेटवरून संपर्क झाला नसेल तर. संपर्क झाला असेल तर प्रत्येक कॉम्प्युटरची किल्ली वेगळी असते आणि ती चोराकडेच राहते. या घराण्याची अजून एक खोड आहे. ते प्रत्येक फाईलचा फक्त सुरुवातीचा साधारण १५० केबी भाग बिघडवतं. त्यामुळे मोठे व्हिडिओ काही वेळा दुरुस्त करता येतात. मोबाईलवरचा फोटो किंवा एक्सेलची छोटी शीट असेल तर तिथे आशा फार कमी.

त्या घरी शेवटी एका लग्नाचा व्हिडिओ परत मिळाला, त्यात आजोबा पंगतीत बसलेले दिसतात. बाकीचे फोटो मिळाले नाहीत. मुलगा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. खिडकी दिसली तेव्हाच त्याला काहीतरी चुकतंय असं वाटलं होतं, पण गेमवरून बोलणी बसतील म्हणून तो गप्प राहिला. पालकांनो, याचा विचार जरूर करा. कॉम्प्युटर बिघडला हे मुलाने पाच मिनिटांत येऊन सांगितलं तर लगेच प्लग उपटून निम्मे फोटो तरी वाचवता येतात. आणि पाच मिनिटांत सांगायचं की नाही, हे मूल आपल्या आधीच्या चार रागावण्यांवरून ठरवतं. गेम चोरीचा होता याबद्दल नंतर सावकाश बोलता येईल. तसंही घरात विंडोज आणि ऑफिस 'क्रॅक' करून घेतलेलं असेल तर त्याला काय तोंडाने सांगणार?

बॅकअपसाठी एवढंच सांगेन. बाहेरची हार्ड डिस्क महिन्यातून एकदा जोडा, कॉपी करा आणि काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर तो बॅकअप धरू नका. मुलांच्या आधार क्रमांकांच्या शीटचं काम संपलं की ती घरच्या मशीनवरून काढून टाकलेली बरी.

काही न करताही लागण होते का?

होते, पण क्वचित. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा प्रकार जगभर पसरला. त्याला कोणी क्लिक करण्याची गरजच नव्हती, नेटवर्कमधून तो स्वतः एका मशीनमधून दुसऱ्यात जात होता. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामं अडली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिला होता, ज्यांनी घातला नाही त्यांना फटका बसला. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला. युक्रेनमधल्या एका कर भरण्याच्या सॉफ्टवेअरमधून सुटलेला हा प्रकार थेट आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरापर्यंत पोचला आणि तिथल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. तेव्हा 'अपडेट सारखं सारखं येतंय, बंद करून टाका' हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन बघून घ्या.

अँटीव्हायरस कोणता, हा प्रश्न दर प्रशिक्षणात येतो. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीच असतो आणि घरच्या वापराला तो पुरतो, असं माझं मत आहे. विकत घ्यायचाच असेल तर चांगला एकच घ्या. (काटकर बंधूंनी पुण्यात कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात करून क्विक हील उभं केलं, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.) दोन अँटीव्हायरस एकदम टाकू नका, ते एकमेकांवरच संशय घेत बसतात.

लागण झालीच असं वाटलं तर आधी इंटरनेट तोडा. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये स्कॅन ऑप्शन्समधून 'ऑफलाईन स्कॅन' निवडा. यात कॉम्प्युटर बंद होऊन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसणाऱ्या व्हायरसला लपायची संधी मिळत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात. त्यानंतर इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामची यादी आणि ब्राऊझरमधली एक्स्टेन्शन बघून अनोळखी असेल ते काढा.

एक गोष्ट फार जण उलट करतात. व्हायरस सापडला की घाबरून त्याच कॉम्प्युटरवर बसून बँकेचे, जीमेलचे पासवर्ड बदलतात. चोर अजून आत असेल तर नवीन पासवर्डही त्यालाच मिळतो. पासवर्ड मोबाईलवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून बदला, आणि जीमेलमध्ये 'सर्व डिव्हाइसवरून साईन आऊट' करा. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम ब्राऊझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर नेतातच, शिवाय तुम्ही आधीच आत असल्याची खूणही नेतात. ती खूण रद्द होण्यासाठी साईन आऊट गरजेचं.

आत शिरताच येत नाही तेव्हा

आता व्हायरस नसताना येणाऱ्या अडचणी. आपल्याकडे वीज अचानक जाते, कॉम्प्युटर तडक बंद पडतो. परत चालू केल्यावर कधी कधी डेस्कटॉप एकदम कोरा दिसतो, एकही फाईल नाही, आणि 'टेम्पररी प्रोफाईल' ने आत आला आहात असा संदेश येतो. छातीत धस्स होतं. फाईल गेलेल्या नसतात. विंडोजला तुमच्या अकाऊंटची माहिती वाचता आली नाही म्हणून त्याने तुम्हाला पाहुण्यांच्या खोलीत बसवलेलं असतं. इथे काहीही सेव्ह करू नका, कारण साईन आऊट केलं की ही खोली झाडून टाकली जाते. आधी दोन-तीनदा रीस्टार्ट करून बघा, अनेकदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर सी ड्राईव्हमधल्या 'यूजर्स' फोल्डरमध्ये तुमच्या नावाचं जुनं फोल्डर सुखरूप असतं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरमधून नवीन अकाऊंट काढा आणि त्यातली कागदपत्रं तिकडे कॉपी करून घ्या. मघाचं 'मुख्याध्यापक' अकाऊंट इथे उपयोगी पडतं.

पासवर्ड विसरलात तर तुमचं अकाऊंट कुठल्या जातीचं आहे ते आधी बघा. ईमेलने आत जात असाल तर ते मायक्रोसॉफ्ट अकाऊंट. त्याचा पासवर्ड मोबाईलवरून मायक्रोसॉफ्टच्या साईटवर जाऊन बदलता येतो. पिन मात्र त्या एकाच मशीनपुरता असतो, तो आणि पासवर्ड एक नव्हे. नुसतं नाव असलेलं लोकल अकाऊंट असेल तर एकदा चुकीचा पासवर्ड टाकल्यावर 'रीसेट पासवर्ड' येतं आणि आधी दिलेल्या सुरक्षा प्रश्नांची उत्तरं विचारली जातात. ते प्रश्न भरताना 'असंच काहीतरी' लिहून पुढे गेला असाल तर दुसऱ्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडून पासवर्ड बदलून घ्यावा लागतो.

आणि सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट नवीन लॅपटॉपवाल्यांसाठी. आजकाल बऱ्याच नव्या लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद असते. मदरबोर्ड बदलला, कधी बायॉसचा अपडेट झाला, की निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर मायक्रोसॉफ्टसुद्धा डिस्क उघडून देऊ शकत नाही. ही की लॅपटॉप पहिल्यांदा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाऊंटने सुरू केला त्या अकाऊंटमध्ये साठवलेली असते. आता आठवा, तुमचा लॅपटॉप कोणी सुरू करून दिला होता? बऱ्याच ठिकाणी दुकानातला मुलगा घाईत स्वतःचाच ईमेल टाकून 'घ्या मॅडम, चालू करून दिला' म्हणतो. म्हणजे तुमच्या घराची किल्ली त्याच्या खिशात, आणि तो दोन वर्षांनी दुसऱ्याच गावी कामाला.

आज रात्रीच सेटिंग्जमध्ये अकाऊंट्स उघडून वर कोणाचा ईमेल दिसतोय ते बघा. तुमचा असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाऊंटमध्ये जाऊन डिव्हाइसेसच्या पानावर तुमच्या लॅपटॉपखाली रिकव्हरी की दिसते का ते तपासा आणि ४८ अंक वहीत उतरवून घ्या. दुसऱ्याचा असेल तर लॅपटॉप सुरू आहे तोवर कंट्रोल पॅनलमधल्या बिटलॉकरच्या पानावरून की काढून ठेवा. होम आवृत्तीत ते पान पूर्ण मिळत नाही. तिथे सेटिंग्जमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन एकदा बंद करा, डिस्क उलगडायला वेळ लागतो तेव्हा चार्जर लावून ठेवा. मग स्वतःच्या ईमेलने अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अकाऊंट काढून, त्यातून आत जाऊन ते परत चालू करा. नवी की आता तुमच्या अकाऊंटमध्ये जाते. ती आलेली डोळ्यांनी बघितल्यावरच दुकानातल्या मुलाचं अकाऊंट काढून टाका. त्याआधी त्या अकाऊंटमधल्या फाईल स्वतःच्या अकाऊंटमध्ये हलवून घ्या, कारण अकाऊंट काढताना विंडोज त्यातला डेटाही पुसतं.